जिभेच्या मुळाशी बसलेली थायरॉइड

मल्लेश्वरम, बेंगळूर
९ डिसेंबर १९९४

ती. सौ. प्रेमाक्कास,

शारदेचा वाकून नमस्कार (अर्धीच वाकलेय, पूर्ण वाकलं की श्वास कोंडतो; कारण पुढे वाचशीलच). भावजींचे गुडघे कसे आहेत? बेळगावात थंडी पडली असेल. इकडे सगळे खुशाल, म्हणजे मी सोडून.

कार्तिकातल्या एकादशीला तुझा फोन आला, आणि "शारदे, तोंडात घास आहे तुझ्या!" म्हणून तू तो आपटलास. तेवढ्यावर थांबली असतीस तर मी गप्प बसले असते. पण विश्वासरावमामांपासून धाकट्या विमलापर्यंत अख्ख्या भावकीला कळवलंस, की शारदा उपास सांगते आणि चरत बसते. अगं, वर्षभर माझा आवाज असाच येतोय, तोंडात गरम वडा धरल्यासारखा! भाजीवाली यल्लव्वासुद्धा म्हणते, आधी गिळून घ्या अक्का, मग भाव करा. मी कुणाकुणाला आ करून दाखवू?

शेवटी डॉक्टर मोहनकुमारांना घसा दाखवला. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली, चांगली लिंबाएवढी. आमचे हे (सगळ्यात घाई यांनाच) म्हणाले, कापून टाका. पण डॉक्टर सावध माणूस. औषध टोचून मला मशीनखाली निजवलं आणि फोटो काढला. फोटोत मान कोरी, थायरॉइड तिथे नाहीच! माणसाची थायरॉइड म्हणे जन्माआधी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग खाली मानेत उतरते. माझी उतरलीच नाही. ती गाठ हीच माझी थायरॉइड, एकुलती एक. लाखात एखाद्याचं असं होतं म्हणे. मग बारा शिकाऊ डॉक्टर बॅटऱ्या घेऊन ओळीने आले. मी म्हटलं, स्वल्प थांबा, आधी नावं सांगा, मग तोंड उघडीन. सांगितली बिचाऱ्यांनी.

तर अक्का, आवाज घासाचा नव्हता, हे आता मशीननेच सांगितलंय. सोबत फोटोची प्रत आहे. ज्यांना ज्यांना कळवलंस त्यांना त्यांना ती दाखव. माझी माफी मागू नकोस, मी माफ करणारच नाही! ऑपरेशनही करून घेणार नाही. गाठ आटायला गोळ्या घेतेय तेवढ्या पुरे. जन्मापासून जिथे बसलीय तिथे बसू दे तिला. मी बोलेन तर अशीच बोलेन, ज्याला कळायचं त्याला कळेल.

तुझीच (नाइलाजाने),
शारदा

ता. क. : एकादशीच्या त्या दिवशी तोंडात इडली होती. पण ती सुनेने, वाणीने, बळेच भरवली, आणि तीही अर्धीच. फोटो मात्र खरा आहे.

आणखी एक ता. क. : गोळ्यांनी गाठ उतरलेली नाही. आडवं झालं की श्वास अडतो. ऑपरेशन एकवीस तारखेला ठरलंय, कागदावर सही मीच करून आले. पुढे जन्मभर गोळी. आवाजाचं काय होईल ते डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. मला भीती वाटते गं. हे तर माझ्याआधी रडतात, त्यांचा काही उपयोग नाही. सोबत कोण राहणार, या रकान्यात तुझं नाव लिहून आलेय. वीस तारखेच्या आत ये. आवाज आहे तोवर भांडून घेऊ.