काढून टाकलेली निळी चौकट

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, आवाज असा का पडलाय, आणि मी सर्दीवर ढकललं. सर्दी नाही. दमलोय. वीस वर्षं वेबसाइटी बांधतोय आणि वीस वर्षं एकच वाद घालतोय, की कोड नियमाप्रमाणे लिहायचा. नियम मोडला तरी पान दिसायचं तसंच दिसतं, मग त्यासाठी दोन दिवस जास्त का घालवायचे, याला माझ्याकडे कधीच चोख उत्तर नव्हतं. ऑफिसात मला शास्त्रीबुवा म्हणतात. मी आत शिरलो की कुणीतरी म्हणतंच, सोवळं आलं, शिवू नका रे. मीही हसतो. आपल्या शाळेत गुरुजी वहीत समास सोडायला लावायचे, तेव्हा तू विचारलं होतंस, या रिकाम्या जागेचं करायचं काय? ते म्हणाले, आधी सोड तर. मी तसाच सोडत आलो, देवाचं नाव घ्यावं तसा.

गेल्या वर्षी एकदा मात्र नाही सोडला. रुग्णालयाचं, तपासणीची वेळ ठरवायचं पान होतं. माऊसशिवाय, कीबोर्डवरचं नुसतं टॅबचं बटण दाबत जाणाऱ्याला आपण कुठे पोचलो ते कळावं म्हणून त्या त्या जागेभोवती निळी चौकट उमटते. ती राहू द्यायची, असा नियम. आमच्या मालकांच्या ती डोळ्यांत खुपली. म्हणाले, अहो बुवा, टॅब दाबत बसतंय कोण? दहा मिनिटं भांडलो, मग कंटाळलो. एक ओळ लिहिली, चौकट गेली. त्या दिवशी लवकर घरी आलो आणि, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

तुझे हात थरथरायला लागल्यापासून तू माऊस सोडून टॅबच्या बटणावरच काम करतेस, हे मला ठाऊक होतं. तुझं रुग्णालय कोणतं, तेही. दोन्ही गोष्टी डोक्यात कधी शेजारी आल्या नाहीत. गेल्या महिन्यात तू त्याच पानावर वेळ नक्की करायला गेलीस आणि ती रद्दच झाली. पुढची मिळाली तीन महिन्यांनंतरची. हात गेलेच होते, आता डोकंही गेलं, असं म्हणून तू सगळे पासवर्ड भाऊजींच्या हवाली केलेस. वय होतंच गं, अशी मी तुझी समजूत घातली, फोन ठेवला आणि ते पान उघडलं. माऊस बाजूला सारून टॅब दाबत गेलो. 'नक्की करा'ला लागूनच 'रद्द करा'. मी कुठल्या बटणावर आहे ते मलाच, बांधणाऱ्याला, कळेना. संध्याकाळी देवापुढे बसलो, पण हात जोडवेनात.

चौकट मी परत घातली आहे. मालकांना नंतर सांगितलं. बोलायचं ते बोलले. एवढ्या खटाटोपाचं चीज होतं का, हे मला अजूनही सांगता येणार नाही, आणि पत्र त्यासाठी नाहीच. फोनवर धीर झाला नाही म्हणून लिहितोय. ताई, तुझं डोकं शाबूत आहे. चूक माझी होती, आणि महिनाभर मी ती तुझ्या माथी राहू दिली. रागाव, हवं तर बोलू नकोस माझ्याशी. पण पासवर्ड परत माग. भाऊजी कां-कूं करू लागले तर हे पत्र त्यांच्यापुढे धर. पुढची वेळ तुझी तू ठरव.

तुझाच,
धाकटा