गुहेतली बाई

१२ मार्च

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भावजींनाही. त्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे ठीक. खिडकीची फुटकी काच एकदाची बदलून घेतली.

माझ्या कवितांच्या पुस्तकाची प्रुफं आली आहेत, शुक्रवारी परत द्यायची. तू मासिकात वाचलेली ती ग्रीक कथेवरची कविताही त्यात आहे. मुलीला पाताळात ओढून नेतात आणि आई तिला शोधत रानोमाळ फिरते, ती. वाचून तू फोनवर म्हणालीस, "आईच्या तोंडून बोलायला तू कोण गं? कळा मी सोसल्या. आणि तुझ्या कवितेतली वसंतात परत येते. माझी येते का?" त्याला आठ महिने झाले.

तुझं बरोबर होतं. बुटांच्या टाचा दुमडून फटक फटक चालणारी, कुणालाही "अहो, ऐका ना" म्हणत थांबवणारी ती पोर तुझीच होती. मी न विचारता कवितेत उचलली.

पण कवितेत मी आई का झाले, ते तुला ठाऊक नाही. मूळ कथेत आणखी एक बाई आहे. ती गुहेत बसलेली असते. मुलगी ओरडते ते तिला ऐकू येतं. आईला ती ते सांगतेही, पण दहाव्या दिवशी. त्या बाईला मी कवितेतून काढून टाकलं होतं.

मी दोन वर्षं लावली, ताई.

तिला दम लागला त्या दुपारी तिने मला फोन केला होता. तुला सांगितलं, फोन आतल्या खोलीत राहिला होता. नव्हता राहिला. टेबलावर, माझ्या कोपराशी होता. तिचं नाव दिसत होतं. मला एक ओळ सुचत आली होती. म्हटलं, एवढी झाली की फोन करते. दोनदा वाजला. ती दोन गल्ल्यांवर राहत होती. माझ्याच भरवशावर तू तिला इथे ठेवलं होतंस.

मी गेले असते तर वाचली असती की नाही, कुणी सांगू शकत नाही. त्याच्या आड मी लपणार नाही.

कविता पुन्हा लिहिली आहे, सोबत जोडते. आता गुहेतली बाई बोलते. मुलगी परत येत नाही. तू हो म्हणालीस तरच छापीन. काहीच कळवलं नाहीस तर शुक्रवारी ते पान काढून टाकीन, आणि दुसरं उत्तर मागणार नाही.

तुझी बहीण, असं लिहायला हात धजत नाही.

तिची मावशी