आपल्या हद्दीपुरतं पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

पलीकडच्या जिल्ह्याच्या प्रदूषण कार्यालयाचं आमच्या पत्राला उत्तर आलं. अवघ्या एक्केचाळीस दिवसांत. ‘नदीपात्राची मध्यरेषा हीच जिल्ह्यांची हद्द असल्याने, दूषित पाणी कोणत्या बाजूने वाहते हे प्रथम निश्चित करावे.’ मळी त्यांच्या काठावरच्या कारखान्याची, पण पाण्याने मात्र आपली बाजू सोडायची नाही.

दुपारी बानाबाईंचा फोन. त्यांचं गाव आमच्या काठावर; गावच्या नळाला याच नदीचं पाणी, ब्लीचिंग पावडर टाकून. ‘मॅडम, आज बी काढ्यावानी पाणी आलं. नातीचं पोट आठ दिवस झालं ठिकाणावर नाय.’

मी म्हणाले, चौकशी सुरू आहे. वाक्य अचूक होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

तिसरी संयुक्त पाहणी. दोन होड्या. त्यांच्या अधिकाऱ्याने त्यांच्या अर्ध्या नदीतून नमुना घेतला, मी आमच्या अर्ध्या नदीतून. मध्ये अंतर अकरा मीटर. जागेवरच मोजलं — विरघळलेला प्राणवायू ६.१. इतकं चांगलं पाणी माझ्या घरच्या नळाला येत नाही. दोन्ही जिल्ह्यांनी समाधान व्यक्त केलं आणि चहा घेतला.

बानाबाई मेंढरं घेऊन काठावर उभ्या होत्या. ‘तुमी येनार म्हनलं की नदी आंघोळ करून बसती व्हय?’

परतताना आमचा ड्रायव्हर बासित म्हणाला, ‘मॅडम, मेहमान पहले से बोल के आया तो घर साफच मिलता ना.’

बासितचं बरोबर होतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

फाइल काढली. तिन्ही पाहण्यांची पत्रं वाचली. प्रत क्रमांक ७ : व्यवस्थापक, सदर कारखाना — माहितीसाठी. म्हणजे तारीख, वेळ, ठिकाण, सगळं तीन दिवस आधी हातात.

पत्रं मी टाइप केली आहेत. जुन्या मसुद्यावर फक्त तारीख बदलून. सगळ्या प्रती त्याच दिवशी रवाना करणारी कार्यालयात मी एकटीच — याचा मला अभिमान होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

काकासाहेब आमचे प्रमुख. त्यांना विचारलं, कारखान्याला प्रत कशासाठी?

‘पद्धत आहे.’

‘कोणी पाडली?’

‘पद्धत कोणी पाडत नसतं, मॅडम. आपण रुजू होतो तेव्हा ती आधीच खुर्चीत बसलेली असते.’

जेवणाच्या सुट्टीत नियम वाचले. पिण्याच्या पाण्याबद्दल गावकऱ्याची लेखी तक्रार असेल, तर कोणालाही न कळवता नमुना घेता येतो. या नियमाच्या पानाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बानाबाईंना फोन केला : अर्ज पाठवा.

सोमवार, १० फेब्रुवारी

अर्ज घेऊन त्या स्वतःच आल्या. क्रांती चौकात उतरून विचारत विचारत. ‘तीन हापिसं फिरले. समदे म्हनले, हे आमच्याकडं नाय.’ मी म्हणाले, त्यांनी बरोबर सांगितलं. आम्हीही तेच सांगतो. त्या हसल्या. मी गंभीरपणे बोलत होते.

आवक शिक्का पडला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

बासित आणि मी, भल्या सकाळी. नदी कोऱ्या चहाच्या रंगाची, काठाला फेस. वास रस्त्यापर्यंत. मध्यावर प्राणवायू ०.७. गावच्या नळाचं पाणी नदीपात्रातल्या ज्या विहिरीतून उपसतात, तिथे ०.९. माशाला जगायला निदान चार लागतो. बाटल्या बर्फात, सील, वेळ, सह्या — कुठेही बोट ठेवायला जागा नाही.

बानाबाईंना मीटर दाखवला. ‘आकडा तुमाला लागतो,’ त्या म्हणाल्या. ‘आमी पितो.’

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

अहवाल पूर्ण. शेरा : पिण्यास अयोग्य. काकासाहेबांनी दोनदा वाचून सही केली. ‘आता वरच्यांना काहीतरी करावंच लागेल.’

बानाबाईंना कळवलं — कारवाई होईल. मी आश्वासनं देत नाही. हे दिलं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आदेश निघाला म्हणे. एका दिवसात! आमची प्रत टपालात आहे. टपाल दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर येतं आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आदेश मिळाला. कारखाना हद्दीबाहेर, ‘बाब संबंधित जिल्ह्यास कळविण्यात येत आहे.’ हद्दीतली कारवाई : ‘सोबतच्या अहवालानुसार सदर गावाची नळयोजना तत्काळ बंद करावी. टँकरसाठी स्वतंत्र प्रस्ताव सादर करावा.’

बानाबाईंचा फोन. ‘सकाळीच कुलूप घालून गेले, मॅडम. सून हंडा घेऊन नदीवर गेलीय.’