पंधरावी काठी

१२ तारीख, गुरुवार

गुडघा! जिना उतरताना कटकन वाजला. धाकटीला कळू दिलं नाही. स्पर्धेचा पहिलाच दिवस, त्यात तिला रडकी बहीण कशाला? एकोणीस वर्षं तिची गोल्फची बॅग माझ्याच खांद्यावर. चार कप जिंकली. पाचवा मिळो न मिळो, ही स्पर्धा झाली की सांगणार — बाई, आता बॅग उचलायला दुसरी कॅडी बघ. चार दिवस कळ काढायची, बस.

१३, शुक्रवार

धाकटी तिसरी. जरा लंगडले तर लगेच, "काय गं ताई?" म्हटलं, बुटात खडा गेलाय. गवतात बसून तिने माझा बूट काढला, झटकला! खडा कुठला निघतोय. मग लेसही तिनेच बांधली.

१४, शनिवार

पहिली आली! पण एकटी नाही, एका उंच पोरीच्या बरोबरीने. उद्या निकाल.

गुडघा भोपळ्याएवढा. सकाळी गोळी घेईन.

आईची काठी सोबत आणलीय. आई क्लबात टॉवेल धुवायची. कुणीतरी फेकलेली गोल्फची मोडकी काठी तिने कापून लहान केली, मुठीला चिंधी गुंडाळली आणि सहा वर्षांच्या धाकटीला दिली. उद्या शेवटचा खड्डा झाला की तीच तिच्या हातात देणार, मग सांगणार. छत्रीच्या कप्प्यात खुपसली. खेळायच्या काठ्या पुसून मोजल्या. चौदा.

१५, रविवार



गोळी लागू पडली होती. बॅग पिसासारखी! दुसऱ्या खड्ड्यापाशी शिंतोडे आले म्हणून धाकटीने छत्री ओढली, आणि आईची काठी बाहेर! बघतच राहिली. मी म्हटलं, ते खेळणं गं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. चौदाच्या वर एक काठी, की खड्ड्यामागे दोन फटके दंड. दोन खड्ड्यांचे चार! माझ्या हाताने!

कुणी पाहिलं नव्हतं. "आत टाक," मी पुटपुटले. हिने हात वर करून पंचाला बोलावलं! म्हणे, "बॅग माझी आहे ताई." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पंचाने एकेक काठी गवतावर मांडली. मी डोळे मिटले. म्हणाला, "तेरा. ही छोटी धरून. खेळा."

तेरा? उघडून बघते तर तीन नंबर आणि चार नंबर गायब! "खोलीवर विसरले," धाकटी म्हणाली, वर हसली. मी चांगलीच झाडली तिला. स्पर्धेच्या शेवटच्या दिवशी काठ्या विसरतात? ही स्वतःचा वाढदिवस विसरेल, काठी नाही विसरायची!

सोळाव्या खड्ड्याला लांब मारायला चार नंबरच हवी होती. ही म्हणे, "पाच दे, आणि भांडू नकोस." अंगातला सगळा जोर लावून चेंडू मारला. पोचला, कसाबसा.

एका फटक्याने जिंकली! पाचवा कप. मी आईची काठी दिली. तिने छातीशी धरली. मला मात्र पुढचं बोलवेना. रडायलाच आलं, मेलं.

१६, सोमवार

खोली आवरली. तिच्या पलंगाखाली तीन नंबर आणि चार नंबर. माझ्या शालीत नीट गुंडाळून ठेवलेल्या. म्हणजे काल बॅग हलकी लागली ती गोळीने नव्हे.