अंगठ्याचं तिसरं पेर

प्रिय मंदा,

पत्र बोरी बुद्रुकहून आलंय हे बघून फाडू नकोस. अक्षर माझंच आहे, ठमाबाईचं, तुझ्या आधीच्या सासूचं. चुलीपुढं राखेत रेघा ओढून तू मला निम्मी अक्षरं शिकवलीस आणि गेलीस. उरलेली मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले. पंचवीस वर्षं लागली.

माझ्या गोरखला दुसऱ्या बायकोपासून झालेली लेक, संस्कृती, पोलीस भरतीसाठी पळायची. दिवाळीआधी आळे गावच्या मैदानात चक्कर येऊन पडली. पुण्याला नेली, तर हृदयाच्या पडद्याला छिद्र. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली आणि मग पोरीचे हातच बघत बसल्या. मला वाटलं, ही काय भविष्य सांगते की काय! तर म्हणाल्या, घरातल्या सगळ्यांनी हात पुढं करा. गोरखचा ताठ अंगठा तुला ठाऊकच आहे, बटण लावताना तू चिडवायचीस त्याला. माझा हात बघून बाई थबकल्या. "आजी, अंगठ्याला दोन पेरं असतात. तुमच्या अंगठ्याला तीन आहेत."

बोटासारख्या त्या लांब अंगठ्याचा मला केवढा तोरा होता! कांद्याची रोपं लावताना मला कुणी गाठायचं नाही. तुझ्या सोडचिठ्ठीच्या कागदावर साक्षीला मीच होते. तेव्हा कारकून हसला होता, "मावशी, अंगठा द्या, बोट नाय." मी रागानं तोच पुन्हा दाबला.

बाईंनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. पोटात बाळ घडताना मुकादम लागतो. इथं अंगठा करा, तिथं काळजाचा पडदा धरा, अशी हाळी तो देतो. हात आणि काळीज, दोन्ही टोळ्या एकाच मुकादमाच्या. त्या मुकादमाला जनुक म्हणतात, टीबीएक्स-फाइव्ह असं काहीतरी नाव सांगितलं. आईकडून एक, बापाकडून एक, असे दोन मुकादम मिळतात. माझ्यातला एक कामावर येतच नाही, आणि तोच मी गोरखला दिला, त्यानं संस्कृतीला. कुणाचं थोडक्यात निभावतं, कुणाचं सगळंच बिघडतं. मग बाईंनी विचारलं, घरात एखादं बाळ गेलंय का? मीच सांगितलं. तुझी लेक होती. उजव्या हाताला अंगठाच नव्हता. दूध ओढताना निळी पडायची.

दिव्याच्या अमावस्येला ग्रहण होतं, तुला दुसरा महिना. गोरख रानातून दमून आला म्हणून तू काकडी चिरलीस. बाळ झाल्यावर आयाबायांपुढं मीच तिची मूठ उघडली. "बघा, ग्रहणात विळीवर बसली, तोडला पोरीचा अंगठा!" तू एवढंच म्हणालीस, "आत्याबाई, काकडीच चिरली व्हती वो." आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तसं केलं मी. तुझे वडील तुला निरगुडसरला घेऊन गेले तेव्हा मी दारातसुद्धा आले नाही.

संस्कृतीचं छिद्र बुजवलंय, आता बरी आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या आयाबायांतल्या ज्या उरल्यात, त्यांच्यापुढं मी माझी मूठ उघडली आणि सगळं सांगितलं. दोष विळीचा नव्हता, तुझाही नव्हता. तुझ्या पुढच्या लेकरांनाही याची भीती नाही, कारण हे तुझ्यातून आलेलंच नाही.

माफी मागायला मला तोंड नाही. पत्र वेगळ्याच कामासाठी आहे. डॉक्टरीणबाईंनी आमच्या घराण्याचं झाड कागदावर काढलं. बाळासाठी एक गोल काढला, गेलेली म्हणून त्यावर तिरकी रेघ मारली आणि नाव विचारलं. मला सांगता येईना. बाराव्या दिवशी बारसं ठरलं होतं आणि ती अकराव्या दिवशी गेली. पण तू तिला मांडीवर घेऊन कानात काहीतरी हाक मारायचीस. मी दाराआडून बघायचे, कधी विचारलं नाही. ती हाक मला कळव, मंदा. त्या गोलाजवळची जागा कोरी ठेवलीय. तिथं माझ्या हातानं लिहीन.

तुझीच अपराधी,
ठमाबाई