जळालेली क्लचप्लेट

दि. ९ नोव्हेंबर, सोमवार

ताप उतरला. आज वाहन स्वतः बाहेर काढले. घरातील मंडळी त्यास ‘पिकअप’ म्हणतात. मी वाहन म्हणतो. साडेचार लाख किलोमीटर काच वाहून नेली, एवढा मान त्यास दिलाच पाहिजे.

परंतु आज चढावावर इंजिन नुसतेच ओरडले, वेग वाढला नाही. शिवाय जळका वास! मी अंथरुणात असताना काचवाल्याच्या खेपा पंधरवडाभर सूनबाईंनी केल्या. एकही काच तडकली नाही, हे मान्य. तथापि वाहन ज्या स्थितीत सोपविले होते, त्या स्थितीत परत मिळालेले नाही.

दि. ११ नोव्हेंबर, बुधवार

गिअरबॉक्स उतरविला. मिस्त्रीने क्लचप्लेट माझ्या हाती दिली — काळी ठिक्कर, अस्तर झिजून रिव्हेट उघडे पडलेले.

“अण्णा, हे क्लचवर पाय ठेवून गाडी हाकल्याचं लक्षण आहे. पेडल पूर्ण सुटतच नाही, प्लेट घासत राहते. ही सवय कुणाची?”

 घरातील गोष्ट गॅरेजमध्ये बोलू नये.

तो हसून म्हणाला, “तसं या गाडीत मूळचं उरलंय काय? नंबरप्लेट आणि तुम्ही.”

“दोहोंना अद्याप गंज चढलेला नाही,” असे मी त्यास सुनावले.

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग — सर्व नवे. काच उभी ठेवण्याच्या चौकटीला जाड रबर बसविले. पुढचे दिवे पिवळट झाले होते, तेही पांढरे, प्रखर घेतले. आता वाहन तरुण दिसते.

दि. १२ नोव्हेंबर

जेवताना जुनी प्लेट ताटाशेजारी ठेवली. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, मी पाय ठेवत नव्हते. मला शिकवताना तुम्हीच दहादा बजावलं होतं.”

“प्लेट खोटे बोलत नाही,” मी म्हणालो. चावी त्यांच्याकडून मागून घेतली.

चिरंजीव म्हणाले, “अहो, जुनी गाडी आहे, जाऊ द्या ना!” जाऊ द्या, जाऊ द्या — याच वृत्तीने वस्तू मोडतात.

दि. १४ नोव्हेंबर, शनिवार

काचवाल्याने दुकानात बसवून घेतले. नव्या इमारतींच्या खिडक्यांची खेप सुरू होत आहे. “सकाळी तुम्ही चालवा, दुपारी सूनबाई. हात फार हलका आहे हो त्यांचा. परवा त्यांच्याशी बोललोय मी, त्या तयार आहेत.”

मला कोणी काही सांगितलेले नव्हते! मी स्पष्ट सांगितले की त्यांनी क्लचप्लेट जाळली. तो “असं होय?” म्हणाला आणि विषय बदलला.

जे खरे तेच बोललो.

दि. १७ नोव्हेंबर

दुपारची खेप काचवाल्याने दुसऱ्या गाडीच्या चालकास दिली. सूनबाईंना दुकानातून कळले. भांडी विसळता विसळता, माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, “शिवणकाम मी पोटासाठी करते, बाबा. हे काम मला आवडलं होतं.”

ताटे जागेवर लावून आत निघून गेल्या. मला ओरडणे परवडते, हे परवडत नाही.

दि. १९ नोव्हेंबर

घरात शांतता. चहा वेळेवर मिळतो.

दि. ४ डिसेंबर, शुक्रवार

चढावावर तोच वास!

चावी दिवसा माझ्या खिशात आणि झोपताना उशाखाली असते. वाहनास अन्य कोणाचा स्पर्श झालेला नाही. म्हणजे मिस्त्रीने निकृष्ट माल गळ्यात मारला. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि ही फसवणूक! उद्या त्यास चांगलाच फैलावर घेतो. सूनबाईंनी वास ओळखला असावा. वाहन लावले तेव्हा दारात उभ्या होत्या.

दि. ५ डिसेंबर

मिस्त्रीने सर्व ऐकून घेतले. “चला, चढावापर्यंत मी शेजारी बसतो,” म्हणाला. निम्म्या वाटेवर खाली पाहून म्हणाला, “अण्णा, क्लचवरचा पाय काढा.”

मी म्हणालो, “काढलेला आहे.”

त्याने वाहन कडेला घ्यायला लावले. मग वाकून, दोन्ही हातांनी माझा डावा पाय पेडलवरून उचलला आणि बाजूला ठेवला. तो हात मला जाणवला नाही. डोळ्यांनी पाहिला, म्हणून कळले.

“कधीपासून?” त्याने विचारले. मला माहीत नाही.

चावी त्याच्या हाती दिली. काचवाल्याकडे पायी गेलो. सांगितले, प्लेट सूनबाईंनी जाळलेली नव्हती.

“मग कुणी जाळली, अण्णा?”

दुकानात गिऱ्हाइके होती. सर्वांना ऐकू जाईल असे उत्तर दिले.