चित्रावरचा तळहात

१२ नोव्हेंबर १९३४

आज नवा विद्यार्थी आला. पन्नाशी उलटलेला, मिशा पिकलेल्या, डोक्याला पागोटं! नत्थुजी पाटील — यंदा लोकल बोर्डावर निवडून आले. मुली घरी गेल्यावर शाळेच्या मागच्या दाराने आले, कोणी पाहू नये म्हणून. "अक्षरं येतात मले, बाई. पन ओळीच्या शेवटी पोचतो तवर सुरुवात निसटून जाते. बोर्डात कारकून सांगते ते आयकतो अन् हात वर करतो." बोलताना जमिनीकडे पाहत होते. वाईट वाटलं. या म्हटलं रोज.

१५ नोव्हेंबर

अमरावतीहून आणलेला चित्रांचा तक्ता टांगला. ग — गलबत. नत्थुजी बराच वेळ पाहत राहिले. "हे कोन्ती बंडी हाय, बाई? चाकं नाई दिसत." गलबताला बैलगाडी समजले! हसू दाबलं. मग मनात आलं — अमरावतीच्या राजापेठेत वाढलेल्या मी तरी गलबत कुठे पाहिलंय? तक्ता गुंडाळून ठेवला.

२१ नोव्हेंबर

आता चित्रं मीच काढते. एक ओळ, शेजारी तिचं चित्र. "नाल्याला पूर आला म्हणून गडी बैल घेऊन परतला." त्यांनी ओळ वाचली, चित्र पाहिलं, पुन्हा ओळ वाचली. आणि म्हणाले, "म्हंजे पेरनी राह्यली." — हे ओळीत नव्हतंच! समजणं म्हणतात ते हेच. संध्याकाळभर खुशीत होते मी. बैल मात्र म्हशीसारखा दिसतो म्हणाले. असू दे.

४ डिसेंबर

हल्ली आधी चित्रावर तळहात ठेवतात. ओळ वाचतात, अर्थ सांगतात, मग हात उचलून पडताळतात. युक्ती त्यांचीच.

१८ डिसेंबर

डोकं दुखतंय. आज शिकवणं नाही.

२ जानेवारी १९३५

नत्थुजी बोर्डाच्या पुढच्या सभेचा छापील कागद घेऊन आले. "हे लय कठीन हाय. याचं चित्र काढून द्या, घरी बसून पाहातो."

वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. आमची मुलींची शाळा बंद करून नदीपलीकडच्या मुलांच्या शाळेत मिळवायची, असा ठराव आहे. पलीकडे कोण पाठवणार आपल्या पोरींना? आधीच एकेकीच्या घरी जाऊन विनवण्या करून आणल्या आहेत. माझी नोकरी जाईल ते जाईलच, पण या पोरींचं शिकणं इथेच संपेल.

चित्र काढलं. अलीकडे आमची शाळा, पलीकडे ती, मध्ये नदी. नदी चांगली रुंद काढली, पाणी भरपूर. रपटा काढला नाही. एवढा दगडी रपटा, नदीतला ठेंगणा पूलच — पावसाळा सोडला तर त्याच्यावरून बैलगाड्या जातात — तो मी गाळला. मुद्दाम.

नत्थुजींनी चित्र नीट पाहिलं, घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवलं.

५ जानेवारी

माझ्या चित्रांवर भरवसा ठेवून जो माणूस वाचायला लागला, त्यालाच मी खोटं चित्र दिलं. त्या कारकुनात आणि माझ्यात फरक काय राहिला? सभा परवा आहे. पाटलांच्या घरापर्यंत गेले आणि परत फिरले. खरं सांगितलं आणि त्यांनी हात वर केला तर? आणि मी वेडी — ज्यांची गाडी रोज त्या रपट्यावरून जाते, त्यांना तो आठवणार नाही?

८ जानेवारी

ठराव पडला. गावचा मेंबरच नको म्हणाला, मग बाकीचे कशाला बोलतात! शाळा राहिली. मुलींना गूळ-फुटाणे वाटले. माझे तसेच पुडीत राहिले.

९ जानेवारी

नत्थुजी आज पुढच्या दाराने आले, भरल्या वर्गात. माझं चित्र टेबलावर ठेवलं आणि गेले. नदीवर पेन्सिलीने रपटा काढलेला. खाली मोठाली, वाकडी अक्षरं, त्यांच्या हातची —

"रपटा राह्यला होता बाई. मी चित्र झाकून कागद वाचला, मंग मत देलं."